हळहळ पुरेशी नाही

महाश्वेता देवींच्या ‘द्रौपदी’ या बंगाली कथेत संथाळ स्त्रीवर लष्करी छावणीत अत्याचार होतात. पण अखेरीस भयभीत होतो तो सेनानायकच. पुष्कळ वाचक हळहळतात आणि ‘कथाच ती’ म्हणून पुस्तक मिटतात. अधिकाराच्या खुर्चीवरील वाचकांना मात्र ती निव्वळ कथा वाटली नाही: २०२१ साली दिल्ली विद्यापीठाने ती इंग्रजीच्या अभ्यासक्रमातून वगळली. कथेचे सामर्थ्य त्यांनी अचूक ओळखले. तिच्या चाहत्यांनीही ते ओळखावयास हवे. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात आदिवासी मुलीवर झालेल्या बलात्काराच्या खटल्यात आरोपी पोलीस सर्वोच्च न्यायालयातून निर्दोष सुटले. तो निकाल वाचून स्त्रिया केवळ हळहळल्या असत्या, तर १९८३ साली कायदा बदलला नसता. वाचन रस्त्यावर उतरले, तेव्हाच ते पुरे झाले.