पिल्लाचे बाळसे आणि डॉक्टरांचे घर

आपल्या मंडळाच्या सदस्यसूचीत माझ्याही नावाआधी ‘डॉक्टर’ ही उपाधी आहे; मात्र माझे रुग्ण चतुष्पाद असल्याने स्मरणिकेत लिहिण्याचा प्रसंग पशुवैद्यावर सहसा येत नाही. यंदा संपादक मंडळाने आग्रह धरला, तेव्हा बरीच वर्षे मनात असलेले एक मत येथे मांडतो. लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड, रॉटवायलर, ग्रेट डेन यांसारख्या मोठ्या जातींच्या पिल्लांना सुशिक्षित घरांत, आणि त्यातही डॉक्टरांच्या घरांत, गरजेपेक्षा जास्त खाऊ घातले जाते, गरज नसताना टॉनिके दिली जातात, आणि या मायेची किंमत पुढे त्या मुक्या जिवाचे सांधे मोजतात. हे मी बेळगावातील माझ्या अनुभवावरून लिहीत आहे. सुहृदांनी राग मानू नये.

माणसाच्या बाळाचे गणित पिल्लाला लावले जाते, हे याचे मूळ. ग्रेट डेनचे पिल्लू जन्मतः साधारण ६०० ग्रॅमचे असते आणि दीड वर्षात ६० किलोच्या आसपास पोचते. म्हणजे १८ महिन्यांत शंभरपट. आपले ३ किलोचे बाळ ६० किलोचे होण्यास १८ वर्षे घेते आणि ती वाढ वीसपटच असते. इतक्या वेगाने वाढणाऱ्या सांगाड्यात उपास्थीचे अस्थीत रूपांतर अखंड चालू असते, आणि त्याच कोवळ्या टोकांवर सारे वजन पडत असते. १९७४ साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात हेडहॅमर आणि सहकाऱ्यांनी ग्रेट डेनच्या काही पिल्लांना मनसोक्त खाऊ दिले आणि काहींना त्याच्या दोन-तृतीयांश इतकेच दिले. हाडासांध्यांच्या विकारांचे प्रमाण मनसोक्त खाणाऱ्या पिल्लांत ठळकपणे अधिक दिसले. मोजून खाणारे पिल्लू खुजे राहते, हा समजही निराधार आहे. अंतिम उंची आनुवंशिकतेने ठरते, फक्त तेथे पोचण्यास थोडा अधिक अवधी लागतो. म्हणून ‘तीन महिन्यांचा आहे, पण बघा कसा दणकट दिसतो!’ असे कोणी कौतुकाने सांगितले, की मला काळजी वाटू लागते.

दुसरी बाब कॅल्शियमची. औषध कंपन्यांच्या प्रतिनिधींनी ठेवलेल्या नमुन्याच्या बाटल्या आपल्याकडे कपाटात असतातच. पिल्लू आले, की ‘वाढते वय आहे, दोन चमचे देऊ या’ असा विचार सहज होतो. निरोगी माणसाचे आतडे जास्तीचे कॅल्शियम बहुतांशी नाकारते. सुमारे सहा महिन्यांपर्यंतच्या पिल्लाला ती सोय नसते. आहारात जितके अधिक, तितके अधिक शरीरात शिरते. नेदरलँड्समधील उट्रेक्ट येथे हाझेविंकेल यांनी १९८० च्या दशकात ग्रेट डेन पिल्लांवर केलेल्या प्रयोगांत जास्तीच्या कॅल्शियममुळे अस्थीची नैसर्गिक पुनर्रचना मंदावते, उपास्थीची परिपक्वता बिघडते आणि पुढचे पाय वाकडे होऊ शकतात, हे दिसून आले.

मग वाकडा पाय पाहून घरातील डॉक्टर ‘मुडदूस’ असे निदान करतात, बाटलीची मात्रा वाढवतात आणि पिल्लाला सकाळच्या कोवळ्या उन्हात बसवतात. उन्हाला माझा विरोध नाही. पण कुत्र्याच्या त्वचेत ड जीवनसत्त्व पुरेसे तयारच होत नाही, ते त्याला अन्नातूनच मिळावे लागते. मोठ्या जातींच्या पिल्लांसाठी बनवलेले चांगल्या प्रतीचे तयार खाद्य दिले जात असेल, तर वरून कॅल्शियमचा एक थेंबही नको. अमेरिकेतील ‘आफ्को’ या संस्थेच्या मानकांनुसार, प्रौढपणी सुमारे ३२ किलो वा अधिक भरणाऱ्या पिल्लांच्या खाद्यात शुष्क भारावर कॅल्शियम १.८ टक्क्यांपेक्षा अधिक नसावे. पिशवीवरचा मजकूर औषधाच्या वेष्टनाइतक्याच बारकाईने वाचावा.

याची उलट बाजूही आहे. केवळ हाडाविना मांस आणि भात यांवर वाढणाऱ्या पिल्लाला कॅल्शियम अपुरे आणि फॉस्फरस भरपूर मिळतो. परावटू ग्रंथी चेकाळतात आणि हाडे ठिसूळ होतात. दूध-भाकरीवर वाढवलेल्या पिल्लाला तर प्रथिनेही तुटपुंजी पडतात. भाकरी कुत्र्याला पचत नाही असे नव्हे. लांडग्याच्या तुलनेत कुत्र्यात पिष्टमय पदार्थ पचवणाऱ्या अमायलेजच्या जनुकाच्या प्रती कितीतरी वाढल्या आहेत, असे स्वीडनमधील संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवले. घरचे अन्न जरूर द्यावे. पण ते पशुवैद्याकडून मोजून आखून घ्यावे, आणि अशा वेळी कॅल्शियमही मोजूनच द्यावे.

जाड कोणाला म्हणावे, याविषयी आपली नजर बिघडली आहे. मुधोळ आपल्यापासून फार दूर नाही. २००५ साली टपाल तिकिटावर झळकलेला तो मुधोळचा शिकारी कुत्रा आपण लहानपणापासून पाहतो. त्याच्या शेवटच्या बरगड्या दिसतात, कंबर आत गेलेली असते, आणि तरी त्याला कोणी उपाशी म्हणत नाही. तीच तब्येत लॅब्रॅडॉरची दिसली, की शेजारी मालकाला बोल लावतात. दोन्ही जातींची ठेवण वेगळी, हे मान्य. पण लॅब्रॅडॉरच्याही बरगड्या बोटांना सहज लागल्या पाहिजेत. आपला हात सरळ पसरून त्याच्या पाठीवरून बोटे फिरवावीत. तसा स्पर्श हवा. तळहातासारखा मऊ लागला, तर खाणे कमी करावे.

लॅब्रॅडॉरच्या अनावर भुकेला काही अंशी त्याचे जनुक जबाबदार आहे. सुमारे चतुर्थांश लॅब्रॅडॉरमध्ये पीओएमसी नावाच्या जनुकाचा एक तुकडा गळालेला असतो, असे केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवले. त्याची करुण नजर म्हणजे भुकेचा पुरावा नव्हे. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका दीर्घ अभ्यासात ४८ लॅब्रॅडॉर जोड्यांनी वाढवले गेले. जोडीतील एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खाद्य आयुष्यभर दिले. कमी खाणाऱ्यांचे मध्यक आयुर्मान १३ वर्षे भरले, तर दुसऱ्या गटाचे ११.२ वर्षे, सांधेदुखीवर उपचारांची गरजही कमी खाणाऱ्यांना उशिरा लागली. हा अभ्यास श्वानखाद्य विकणाऱ्या कंपनीचा होता. कमी विका, असेच त्याचे तात्पर्य निघत असल्याने मला तो अधिक विश्वासार्ह वाटतो.

प्रौढ वयाविषयी थोडक्यात. ३२ किलोच्या, घरात राहणाऱ्या कुत्र्याला दिवसाला साधारण १३०० ते १५०० किलोकॅलरी पुरतात. निर्बीजीकरणानंतर त्याहूनही कमी लागतात. पाहुण्यांनी कौतुकाने दिलेला कुंदा या हिशेबात धरावा. सत्यनारायणाच्या प्रसादातील बेदाणे आणि मनुका मात्र अजिबात नकोत. त्यांनी कुत्र्यांची मूत्रपिंडे निकामी झाल्याची उदाहरणे आहेत. टार्टारिक आम्ल हे त्याचे कारण असावे असे अलीकडे मानले जाते, त्यामुळे चिंचेची आमटीही टाळावी. अरुंद, खोल छातीच्या जातींत जठर फुगून स्वतःभोवती फिरते, आणि ती शल्यचिकित्सेची आणीबाणी असते. दिवसाचे सारे अन्न एकदम न देता दोन वेळा विभागून द्यावे. बाजारात मिळणारे उंच भांड्याचे स्टँड दिसायला ऐटबाज. पण पर्ड्यू विद्यापीठाच्या पाहणीत त्यातून खाणाऱ्या मोठ्या कुत्र्यांतच हा विकार अधिक आढळला.

वार्धक्य या जातींना लवकर गाठते. ग्रेट डेन सहा-सात वर्षांतच म्हातारा होतो. येथेही माणसांचा नियम आड येतो: ‘वय झाले, आता प्रथिने कमी करू या.’ निरोगी वृद्ध कुत्र्याचे स्नायू झिजत असतात, त्याला चांगल्या प्रतीची प्रथिने पूर्वीइतकीच किंवा थोडी अधिकच लागतात. कमी करायच्या त्या कॅलरी. मूत्रपिंडाचा विकार सिद्ध झाला, तरी पहिला रोख फॉस्फरसवर असतो. एका अहवालात क्रिएटिनिन किंचित वाढलेले दिसले म्हणून त्या बिचाऱ्याला लगेच वरणभातावर बसवू नये. थोड्या दिवसांनी ती तपासणी पुन्हा करावी, लघवीतील प्रथिने आणि रक्तातील फॉस्फरस पाहावा, आणि अहवाल घरीच न वाचता आपल्या पशुवैद्याकडे घेऊन जावा.