पाहुणी फटफटी

माणसाला परदेशी जायचे तर पारपत्र लागते, हे आता शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. पण तो आपली फटफटी घेऊन निघाला, तर त्या फटफटीलाही एक पारपत्र लागते आणि ते मिळवताना माणसाच्या पारपत्राहून अधिक घाम गाळावा लागतो, ही गोष्ट फार थोड्यांना माहीत असेल. (मोटारसायकल हा शब्द आता रुळला आहे खरा, पण फटफटीत जो आवाज आहे तो त्यात नाही, म्हणून मी जुनाच शब्द धरून बसलो आहे.)

या पारपत्राला ‘कार्ने’ म्हणतात. फ्रेंच भाषेत कार्ने म्हणजे वही. तिच्या लांबलचक नावाच्या शेवटी ‘दुआन’ असा एक शब्द येतो. दुआन म्हणजे जकातीचे खाते. भाषेच्या मास्तराची नजर अशा ठिकाणी हटकून अडकते. अरबीतला ‘दीवान’ इटलीच्या वाटेने फ्रान्सात जाऊन ‘दुआन’ झाला, आणि तोच फारसीच्या वाटेने आपल्याकडे येऊन दिवाणजी होऊन बसला. आपली ‘जकात’ तर मुळात दानधर्माची. इस्लामात ती धर्मकर्तव्य म्हणून द्यायची असते; आपल्याकडे येईतो तिची नाकी उभी राहिली. मुंबईची जकात २०१७ साली गेली, पण ‘जकातनाका’ म्हटल्यावर रिक्षावाला अजूनही बरोबर जागी नेऊन उतरवतो. शब्दांचे हे बरे असते. त्यांना सरहद्दीवर कोणी अडवीत नाही, शिक्का मागत नाही.

फटफटीचे तसे नाही. तुम्ही तिच्यावर बसून परक्या मुलखात शिरलात की तुम्ही प्रवासी असता, पण ती मात्र माल ठरते. माल आत आला म्हणजे आयात झाली आणि आयात झाली म्हणजे जकात आली. तुम्ही म्हणता, “अहो, मी ही विकायला आणलेली नाही. महिनाभर हिंडेन आणि हिच्यावरच बसून परत जाईन.” सरकार विचारते, “कशावरून?” आणि या ‘कशावरून’ला पुराव्यानिशी उत्तर देता येत नाही, कारण पुरावा भविष्यकाळात असतो! तेव्हा जामीन लागतो.

ही जामिनाची व्यवस्था १९५४ साली न्यूयॉर्कला झालेल्या एका आंतरराष्ट्रीय करारात नीट बांधून दिलेली आहे, आणि आपला देशही त्या करारात आहे. देशोदेशींच्या मोटारसंस्था एकमेकींशी जोडलेल्या असतात. आपल्याकडे मुंबईची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशन असे कार्ने देते. गाडी परत गेली नाही, तर तिथल्या सरकारला जकात भरून द्यायची जबाबदारी संस्थेवर येते. संस्था तरी कोणाच्या भरवशावर हमी घेणार? ती तुमच्याकडून ठेव किंवा बँकेची हमी घेते. रक्कम ठरते ती गाडीची किंमत आणि तुम्ही जाणार ते देश पाहून. काही देशांसाठी ती गाडीच्या किमतीवरही जाते.

वही पाच, दहा किंवा पंचवीस पानांची मिळते आणि साधारणपणे वर्षभर चालते. एका पानाचे तीन भाग. आत शिरताना नाक्यावरचा अधिकारी एक भाग फाडून ठेवून घेतो, बाहेर पडताना दुसरा. आणि वहीत उरलेल्या स्थळप्रतीवर येतानाचा आणि जातानाचा असे दोन शिक्के पडतात. भाऊबीजेला आलेल्या बहिणीला ‘परत कधी जाणार?’ असे विचारण्याची आपल्याकडे रीत नाही. ही पाहुणी मात्र अशी, की तिला उंबऱ्यातच ते विचारतात आणि वर लिहूनही घेतात.

सगळेच देश हे मागत नाहीत. इराण, पाकिस्तान आणि आपण स्वतः मागतो. परदेशी प्रवाशाची गाडी आपल्याकडे कार्नेवर येते आणि तिने सहा महिन्यांत परत जायचे असते. तुर्कस्तानला वही लागत नाही. तिथे गाडीची नोंद आणणाऱ्याच्या नावावर होते, आणि गाडी मागे टाकून एकट्याने देशाबाहेर पडायचे म्हटले तर आधी ती जकातवाल्यांच्या ताब्यात द्यावी लागते. युरोपात विम्याचे ‘ग्रीन कार्ड’ हाती असले की बरेचसे भागते. हे हिरवे कार्ड २०२० पासून पांढऱ्या कागदावर छापले तरी चालते, पण नाव हिरवेच आहे. आपल्या फळ्याचा रंग बदलला तरी तो काळाच म्हणवतो, तसेच हे.

करारातले एक कलम मी दोनदा वाचले. परक्या मुलखात गाडीचा अपघात होऊन ती कामातून गेली, तरी तिला तिथे सुखाने मरता येत नाही. तिची जकात भरा, किंवा ती फुकट सरकारजमा करा, किंवा अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली आपल्या खर्चाने तिची मोडतोड करा. अंत्यसंस्कारसुद्धा सरकारी साक्षीदारासमोर!

एवढे सगळे मला कळले ते माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यामुळे. मुलगा मोठा गोड. बी. ए.ला त्याने मराठी घेतले होते आणि निबंधात हमखास डोंगर आणायचा. पुढे चांगली नोकरी लागली, बुलेट घेतली, आणि एके वर्षी बिनपगारी रजा काढून पश्चिमेकडच्या चार-पाच देशांतून तिच्यावर हिंडून आला. हमीपुरते पैसे त्याच्याजवळ नव्हते. वडिलांनी, म्हणजे नानांनी, आपली मुदतठेव बँकेत तारण ठेवली. निवृत्त मुख्याध्यापकाची ठेव ती. धाकटीच्या लग्नासाठी बाजूला काढलेली. देताना ते एकच वाक्य बोलले, “गाडी परत आण म्हणजे झाले.”

गाडी परत आली. पोरगा काळवंडून, दाढी वाढवून आला. त्याच्या आईने आठ दिवस त्याला तूपभात घातला. आणि मग संस्थेचे पत्र आले. एका देशातून गाडी बाहेर गेल्याची नोंद नाही. तेव्हा परत गेल्याचा पुरावा पाठवा, नाही तर जकात भरावी लागेल. वही उघडून पाहिली. येतानाचा शिक्का ठसठशीत होता आणि जातानाची जागा कोरी. त्या नाक्यावर त्या दिवशी पावसाची झड होती, मागे मालमोटारींची रांग लागली होती, आणि अधिकाऱ्याने पारपत्रावर शिक्का मारून वही तशीच हाती दिली होती.

नाना माझ्याकडे आले ते वही पिशवीत घालूनच. म्हणाले, “सर, गाडी माझ्या अंगणात उभी आहे. मी रोज तिला वळसा घालून तुळशीला पाणी घालतो. आणि कागद म्हणतो, ती अजून तिकडेच आहे!” धाकटीचे लग्न माघात ठरत होते. करारात पुरावा द्यायला एक वर्षाची मुदत आहे, पण मुदत असली म्हणून ठेव सुटते थोडीच?

उपाय वहीतच निघाला. अशा प्रसंगासाठी कार्नेत एक दाखला असतो. गाडी अमुक दिवशी अमुक ठिकाणी आपण डोळ्यांनी पाहिली, असे जकातीच्या, पोलिसांच्या किंवा वकिलातीच्या अधिकाऱ्याने लिहून द्यायचे. तेवढे झाले की गाडी परत गेली हे सिद्ध होते. फटफटीचा हयातीचा दाखलाच म्हणा ना! निवृत्तिवेतनासाठी दरवर्षी तो देणाऱ्या नानांना ही कल्पना चटकन समजली.

अधिकारी आले, तेव्हा मीही गेलो होतो. इंजिनाचा क्रमांक लगेच जुळला. सांगाड्यावरचा काही दिसेना. पाच देशांची धूळ आणि वंगण त्यावर घट्ट बसले होते. पोरगा फडके शोधायला आत धावला. तेवढ्यात नाना, ज्यांनी त्या गाडीला एकदाही हात लावला नव्हता, ते धोतर सावरून उकिडवे बसले आणि आपल्या उपरण्याच्या टोकाने तो क्रमांक पुसू लागले. एकेक आकडा उघडा पडेल तसा मोठ्याने वाचू लागले, वर्गात हजेरी घ्यावी तसा. शेवटचा आकडा जुळल्यावर अधिकाऱ्यांनी सही केली आणि चहा घेतला. दोन महिन्यांनी हमी मोकळी झाल्याचे पत्र आले. लग्न माघातच झाले.

अशा प्रवासाला निघणाऱ्यांना माझे सांगणे इतकेच, की नाका सोडण्यापूर्वी भर पावसातही वही उघडून जातानाचा शिक्का स्वतः पाहावा, आणि त्या पानाचा फोटो काढावा. मागचे मालमोटारवाले ओरडले तर ओरडू द्यावेत.

आता हा पठ्ठ्या नेपाळला निघाला आहे. तिथे जायला आपल्या माणसाला पारपत्र लागत नाही. मतदाराचे ओळखपत्रही चालते. गाडीला कार्ने लागत नाही, पण तिच्यासाठी सरहद्दीवरच्या ‘भन्सार’ कार्यालयात जाऊन, किती दिवस राहणार ते सांगून, दिवसांच्या हिशेबाने पैसे भरून कागद घ्यावा लागतो. वर्षाकाठी तीस दिवसांची मर्यादा, आणि सांगितल्यापेक्षा जास्त राहिले तर दंड. माणूस मोकळा आणि गाडी बांधलेली, हे तिथेही आहेच.

त्याने बारा दिवसांचा बेत आखला होता. नानांनी तो चौदांचा करायला लावला आहे. वाटेत दरड कोसळली तर?