हळदी-कुंकू बदक

काळ्या चोचीचे टोक हळदीसारखे पिवळे आणि चोचीच्या मुळाशी दोन्ही बाजूंस कुंकवासारखे तांबडे ठिपके. म्हणून मराठीत या पक्ष्याला हळदी-कुंकू बदक असे सुरेख नाव मिळाले. त्याची लांबी सुमारे ६० सेंटीमीटर, अंगावर तपकिरी खवल्यांची नक्षी. नर व मादी जवळजवळ सारखीच दिसतात.

हे बदक सहसा बुडी मारीत नाही. उथळ पाण्यात डोके खाली व शेपूट वर करून ते पाणवनस्पती आणि बिया खाते. कधी किडे व गोगलगायीही. हिवाळ्यात उत्तरेकडून आलेली पाहुणी बदके उन्हाळ्यापूर्वी परततात. हे मात्र इथलेच रहिवासी; तळे आटले, तर जवळपासचे दुसरे पाणी शोधते.

पावसाळ्यात मादी पाण्याजवळच्या दाट गवतात, जमिनीवरच घरटे करते. साधारणतः ८ ते १४ अंडी ती सुमारे २४ दिवस उबवते. पिल्ले बाहेर येताच थोड्याच वेळात आईमागे पाण्यात उतरतात.

म्हणजे या पक्ष्याचा सारा संसार काठावरच्या गवताच्या आधाराने चालतो. तळ्याचे सुशोभीकरण करताना आपण नेमके तेच गवत केरकचरा समजून उपटतो आणि काठ सिमेंटने बांधून काढतो. पाणी उरते, घर जाते. आपल्या दानातून एखाद्या तळ्याचे काम होणार असेल, तर निदान एका बाजूचा काठ मातीचा व गवताचा राहू द्यावा, आणि पावसाळ्यात तेथे विळा चालवू नये, एवढी अट आपण अवश्य घालावी.