बोट पाड्याकडे, चाल पेठेत

तोरणमाळला यशवंत तलावाकाठी शहरातला पाहुणा भेटला की विचारतो, "इथं बायकांच्या बाबतीत अघोरी चाली असतीलच ना?" मुलींच्या खतन्याबद्दल, म्हणजे त्यांच्या जननेंद्रियाची कातडी कापण्याबद्दल, कुठं वाचलेलं असेल, तर ती चाल सातपुड्यातच असणार अशी त्याची खात्रीच असते. मला या खात्रीची चीड येते. भिल्ल-पावऱ्यांत ही चाल नाही. ती आहे मुंबई-पुण्यात, दाऊदी बोहरा समाजात. शिकलेल्या, व्यापारात मुरलेल्या घरांत. सातेक वर्षांच्या मुलीला काही न सांगता नेलं जातं, आणि नेणारी बहुधा आई किंवा आजीच असते. मग 'अडाणीपणा गेला की चाल जाईल' हे कशाच्या बळावर म्हणायचं?

'किंचित कातडी, एवढंच' असाही बचाव होतो. जागतिक आरोग्य संघटना तेवढ्यालाही जननेंद्रियाची इजाच म्हणते. ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये नुसती चीरसुद्धा कायद्यातल्या विच्छेदनात धरली. 'मग डॉक्टरकडून करून घ्या' हा सल्ला मला सर्वांत घातक वाटतो. निर्जंतुक पात्यानं जंतुसंसर्ग टळेल. पण ज्याचा शरीराला काडीचा उपयोग नाही, त्याला दवाखान्याची प्रतिष्ठा मिळेल.

कायदा हवाच. आपल्या सर्वोच्च न्यायालयात या चालीविरुद्ध २०१७ मध्ये याचिका गेली, २०१८ मध्ये ती घटनापीठाकडे सोपवली गेली. पण सात वर्षांची पोर आईविरुद्ध फिर्याद द्यायला कशी जाणार? बोहरा समाजातल्या बायकाच आता उघड बोलू लागल्या आहेत. २०१५ मध्ये 'सहियो' ही संस्था उभी राहिली. खरा आधार त्यांचा आहे.

त्यांच्या जोडीला काय हवं, ते पाड्यावर पाहावं. तिथली आशाताई, म्हणजे आरोग्य खात्याची आशा कार्यकर्ती, गावातलीच, पावरी बोलणारी. बाळंतीण घरी आली की ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी ती दारात हजर. बाळाला ऊब कशी द्यायची हे ती सुनेला सांगते, पण समजूत आजीची काढते. घरात शब्द कुणाचा चालतो हे तिला ठाऊक असतं. शहरातल्या बालरोगतज्ज्ञांना, स्त्रीरोगतज्ज्ञांना, परिचारिकांना हेच शिकवायला हवं: इजा ओळखायची कशी, मुलीला न घाबरवता विचारायचं कसं, करून देण्याची मागणी आली तर ठाम नकार देऊन आईशी बोलत राहायचं कसं. पाचव्या-सहाव्या वर्षी, म्हणजे खतन्याच्या वयाआधी, डीपीटीच्या बूस्टरसाठी आई मुलीला घेऊन येते; बोलायची वेळ तीच. सोबत आजी असेल, तर तिलाही खुर्ची द्यावी.