दहाव्या भागाचं काय करायचं?

प्रश्न साधा आहे. चौदा जाडजूड पुस्तकांची एक मालिका आहे. त्यातली नऊ वाचून झालीत, दहावं हातात आहे, आणि दीडशे पानं उलटली तरी त्यात काही म्हणजे काहीही घडत नाहीये. पुढे वाचायचं की सोडायचं?

मालिका म्हणजे रॉबर्ट जॉर्डनची 'व्हील ऑफ टाइम'. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात (घाबरू नका, कथानक फोडणार नाही) : एक खेडेगाव, तिथली चार-पाच तरुण पोरं, त्यांच्यातल्या एकाच्या नशिबी जग वाचवायचं काम आणि त्यासाठी करावी लागणारी भलीमोठी वणवण. पहिला भाग १९९० साली आला. सुरुवातीला तीनच पुस्तकांचा बेत होता म्हणतात. तीनाचे सहा झाले, सहाचे दहा झाले, आणि शेवटी चौदा. आपल्या धंद्यात याला स्कोप क्रीप म्हणतात. क्लायंट म्हणतो "फक्त एक छोटंसं फीचर", आणि दोन वर्षांनी आपण तिथेच बसलेलो असतो. फरक इतकाच की इथे क्लायंट, अ‍ॅनालिस्ट आणि डेव्हलपर तिन्ही जॉर्डनच होता, त्यामुळे नाही म्हणणारं कुणी नव्हतं.

दहाव्या भागाची, म्हणजे 'क्रॉसरोड्स ऑफ ट्वायलाइट'ची, ख्याती मोठी आहे. नवव्या भागाच्या शेवटी एक प्रचंड घटना घडते. दहाव्यात पुढे काय होतं? तर तीच घटना घडत असताना बाकीची मंडळी कुठे कुठे होती, त्यांना दुरून काय जाणवलं, तेव्हा त्यांनी कुठले कपडे घातले होते आणि चहा किती गार झाला होता, हे शेकडो पानं चालतं. चाहते सात-आठपासून दहापर्यंतच्या या टप्प्याला 'स्लॉग' म्हणतात. मराठीत सांगायचं तर चिखलातून बैलगाडी काढणं.

आता हिशोब. पूर्ण मालिका साधारण ४४ लाख शब्दांची, पेपरबॅकमध्ये दहा हजारांहून जास्त पानं. ऑडिओबुक ऐकायची म्हटली तर सुमारे ४६० तास. नोकरी, ट्रॅफिक, घरची कामं आणि 'जरा एक कॉल आहे' यातून शनिवार-रविवार मिळून साठ पानं होतात असं धरलं तर तीन वर्षांहून जास्त! तीन वर्षांचे सगळे वीकएंड. तेवढ्यात माणूस तबला शिकेल. गौरी देशपांड्यांनी बर्टनवरून मराठीत आणलेले 'अरेबियन नाइट्स'चे सोळाच्या सोळा खंड वाचून होतील आणि वर वेळ उरेल. म्हणून हा प्रश्न मला वाटतो तितका फालतू नाही. आपल्यापैकी बहुतेकांकडे स्वतःचा म्हणून जो वेळ उरतो तो एवढाच, आणि एक पुस्तक उचललं म्हणजे दुसरी दहा खाली ठेवली.

ऑफिसात विचारलं तर दोन पक्ष सापडतात. पहिला पक्ष एमबीएवाल्यांचा. ते लगेच सांगतात की नऊ पुस्तकांत घातलेला वेळ हा बुडीत खर्च, तो परत येणार नाही, पुढचा विचार कर. बरोबर आहे. पण पुढचा विचार करायचा म्हणजे काय करायचं, हे ते सांगत नाहीत. दुसरा पक्ष नेटवाल्यांचा. घेतलं ते तडीस न्यावं, अर्धवट सोडणं म्हणजे कच्चेपणा. हीच माणसं प्रोजेक्ट बुडत असतानाही "आता एवढं केलंय तर..." म्हणत आणखी चार माणसं त्यात ढकलतात. असो.

मला विचाराल तर या दुसऱ्या पक्षाचा आवाज ऑफिसातून येत नाही, घरातून येतो. मी मूळचा नांदुऱ्याचा. ज्यांना नांदुरा म्हटलं की हायवेवरचा १०५ फुटी हनुमानच आठवतो त्यांना सांगतो, मुंबई-नागपूर लाइनवर मलकापूरच्या पुढे नांदुरा, मग जलंब, मग शेगाव. शेगाव इतकं जवळ, म्हटल्यावर 'गजानन विजय' घरोघरी असणारच. दासगणू महाराजांची पोथी, अध्याय एकवीस. कुणी एका बैठकीत पारायण करतं, कुणी दशमी-एकादशी-द्वादशीला रोज सात अध्याय असं तीन दिवसांत करतं. आणि लहानपणापासून कानावर पडलेला नियम एकच : संकल्प सोडला की पारायण मधेच टाकायचं नाही. मला वाटतं, पुस्तक अर्धवट सोडताना पोटात जे काहीतरी हलतं ते हेच. पाप लागेल असं वाटतं! जॉर्डन वाचायला बसताना आपण हातात पाणी घेऊन संकल्प वगैरे सोडलेला नसतो, तरीही.

पण गंमत अशी की त्याच गावात दुसरी एक पद्धत होती, आणि ती आपण सोयीस्करपणे विसरलो. चातुर्मासातली पोथी. (श्रद्धेचा भाग इथे बाजूला ठेवतोय, बोलतोय ते फक्त ऐकण्याच्या सवयीबद्दल, तेव्हा कुणी उगाच अंगावर येऊ नये.) आषाढीला पोथी लागायची ती कार्तिकीपर्यंत. श्रीधरस्वामींचे ग्रंथ : 'हरिविजय' ३६ अध्याय, 'रामविजय' ४०, आणि 'पांडवप्रताप' तब्बल ६४. रात्री जेवणं आटोपली की देवळात मंडळी जमायची. एक वाचणारा, एक अर्थ सांगणारा. अर्थ सांगणारा रंगात आला की दोन ओव्यांवर अर्धा तास. बायकांच्या हातात वाती वळायचं काम, पोरं खांबाला टेकून झोपलेली, एखादे काका चक्क घोरताहेत. आणि एखाद्या रात्री कुणाचं येणं झालं नाही, तर दुसऱ्या दिवशी चौकशी अशी :

"काय झालं भौ काल पोथीत?"

"काही नाही. अर्जुनानं बाण सोडला हाये. अजून लागाचा हाये."

संपलं! एका वाक्यात कालचा एपिसोड. कुणी मागची पानं उलटून वाचायला बसत नव्हतं, कुणाला चुकल्या-चुकल्यासारखं वाटत नव्हतं. गोष्ट संथ होती हे सगळ्यांना मान्यच होतं, कारण शेवट काय आहे ते सगळ्यांना माहीत होतं. अभिमन्यू मरणार हे ठाऊक असूनही माणसं त्या रात्री मुद्दाम येत. ती येत ती शेवट कळावा म्हणून नाही.

मूळ महाभारताकडे बघा. युद्ध दहाव्या पर्वापर्यंत आटोपतं, अकराव्यात रडणं होतं, आणि मग बारावं शांतिपर्व. अठरा पर्वांतलं सगळ्यात मोठं. भीष्म शरपंजरी पडलेत आणि राजधर्म, आपद्धर्म, मोक्षधर्म सांगताहेत. मग अनुशासनपर्वात आणखी. यापेक्षा मोठा स्लॉग जगात कुठे असेल असं मला वाटत नाही. पुण्यात भांडारकर संस्थेत १९१९ पासून १९६६ पर्यंत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम चाललं, तेव्हा बेलवलकरांनी त्या शांतिपर्वाची पाठचिकित्सा केली. पोथीपोथीतले पाठभेद बघत ओळ न् ओळ. त्यांना एकही पान गाळून चालणार नव्हतं. गावातल्या श्रोत्याला चालत होतं. दोघांचंही महाभारतावाचून अडत होतं, पण कारणं वेगळी होती. आपला घोळ असा की आपण ऐकणाऱ्यासारखे हौसेने वाचायला बसतो आणि संशोधकाच्या अटी स्वतःला लावून घेतो. दोनशे पानं गाळली तर "वाचलं" म्हणायचा हक्क जाईल अशी भीती. कुणाला दाखवायचंय?

आता आणखी एक मुद्दा, आणि तो सहसा कुणी बोलत नाही. दहाव्या भागाची बदनामी मुळात वाट बघण्यामुळे झालेली आहे. नववा भाग नोव्हेंबर २००० मध्ये आला, दहावा जानेवारी २००३ मध्ये, अकरावा ऑक्टोबर २००५ मध्ये. म्हणजे त्या काळातल्या वाचकाने दोन वर्षं वाट बघितली, हाती गार चहा आला, आणि मग पुढच्यासाठी पुन्हा पावणेतीन वर्षं. तो चिडणारच. शिवाय एकूण किती भाग होणार हेही कुणाला माहीत नव्हतं. त्यात सप्टेंबर २००७ मध्ये जॉर्डन वारला. त्याची बायको हॅरिएट मॅक्डुगल त्याची संपादकही होती. तिने ब्रँडन सँडरसन या तरुण लेखकाला बोलावलं. जॉर्डनच्या टिपणांवरून त्याने एकाच्या जागी तीन भाग लिहिले आणि जानेवारी २०१३ मध्ये मालिका संपवली. शेवटाचा बराचसा भाग जॉर्डननेच आधी लिहून ठेवला होता.

हे असं परक्यांकडेच होतं असं नाही. देवकीनंदन खत्रींची 'चंद्रकांता' आणि तिची पुढची 'संतति' २४ भागांची. ऐयार, तिलिस्म, दाराच्या आत दार. नीरजा गुलेरींची दूरदर्शनवरची मालिका आमच्या पिढीला आठवत असेल, पण पुस्तकं त्याहून कितीतरी मजेदार आहेत, आणि आमच्याकडे हिंदी कानावरून जातच असल्याने जडही वाटत नाहीत. त्यानंतर त्यांनी 'भूतनाथ' घेतलं आणि ते अर्धवट ठेवून १९१३ मध्ये गेले. राहिलेले भाग मुलाने, दुर्गाप्रसाद खत्रींनी, पुरे केले. भांडारकरचंही तेच. प्रमुख संपादक सुकथनकर १९४३ मध्ये गेले, काम दुसऱ्यांनी तडीस नेलं. मोठी कामं माणसाच्या आयुष्यापेक्षा लांब निघतात, त्याला इलाज नाही.

सांगायचा मुद्दा, आज ही मालिका उचलणाऱ्याला २००३ च्या वाचकाचा राग उसना घ्यायचं कारण नाही. त्याच्यासाठी दहावा भाग म्हणजे चौदा अध्यायांतला एक संथ अध्याय, आणि अकरावा शेल्फवर तयार आहे. याच्या उलट जॉर्ज मार्टिनची गत. तिथला पाचवा भाग २०११ मध्ये आला आणि त्यानंतर दशक उलटून गेलं तरी वाचक सहाव्यासाठी ताटकळत राहिले. तिथे पहिला भाग हातात घेतानाच 'शेवट न मिळता चालेल का' हे स्वतःला विचारून घ्यावं. आणि "मी सिरीयल बघीन, शेवट कळेलच" असं म्हणणाऱ्यांनाही सावध करतो : 'व्हील ऑफ टाइम'ची प्राइमवरची मालिका २०२१ मध्ये सुरू झाली आणि तीन सीझननंतर २०२५ मध्ये बंद पडली. शेवट हवा तर पुस्तकांतच आहे.

मग सोडायचं कधी? माझं मत असं. 'पुढे काय होतं' एवढ्याचसाठी वाचत असाल तर आत्ता सोडा. सारांश वाचून घ्या, वीस मिनिटांचं काम आहे, उरलेले वीकएंड तुमचे. त्यात कमीपणा काही नाही. पण त्या जगात नुसतं असायला आवडत असेल, एखादं गाव, एखादी सराई, दोन पात्रांची आपसातली भांडणं वाचताना गाडीतली वेळ कशी गेली ते कळत नसेल, तर संथपणा हे सोडायचं कारण होऊ शकत नाही. महाराष्ट्र एक्सप्रेसमध्ये बसून ती जागोजागी थांबते म्हणून तक्रार करण्यासारखं आहे ते. कोल्हापूर ते गोंदिया आहे, थांबणारच. आणि मधले दोन तास झोप लागली म्हणून आपण काही पुण्याला परत जाऊन पुन्हा बसत नाही.

संथ आणि कंटाळवाणं यात फरक आहे, आणि तो डोक्याला कळायच्या आधी हाताला कळतो. संथ पुस्तक आपण बाजूला ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उचलतो. कंटाळवाणं पुस्तक बाजूला ठेवतो आणि मोबाइल उचलतो. दहाव्या भागातल्या काही पात्रांच्या बाबतीत माझा हात दर वेळी मोबाइलकडे गेला (पेरिनवाल्यांनी माफ करावं), मॅटची प्रकरणं मात्र दोन-दोनदा वाचली. पुस्तक एकच, लेखक एकच.

तेव्हा माझ्यापुरतं ठरलंय. मॅट जिथे जिथे आहे तेवढी प्रकरणं वाचायची, बाकीच्यांचं "बाण सोडला हाये, अजून लागाचा हाये" एवढं कुणाकडून तरी ऐकून घ्यायचं आणि अकरावा उघडायचा. पुण्यातला माझा एक मित्र याला चीटिंग म्हणतो. तो स्वतः गेली चार वर्षं आठव्या भागाच्या पान ११२ वर आहे, आणि दरम्यान दुसरं एकही पुस्तक त्याने हातात घेतलेलं नाही, कारण आधी हे संपवायचंय :)

कुणाकडे 'भूतनाथ'चा पूर्ण जुना संच असेल तर कळवा. त्याचे मात्र सगळे भाग वाचणार आहे.