आधी मीटर, मग निकाल

गाडीतला अॅम्प्लिफायर बंद पडला की गिऱ्हाईकाच्या कानी बहुधा एकच वाक्य पडते : 'बोर्ड गेला, नवा घ्या.' हे वाक्य जितक्या सहज बोलले जाते, तितक्या वेळा ते खरे नसते, असे आमचे स्पष्ट मत आहे. आणि त्याची किंमत गिऱ्हाईकाबरोबर आपल्या कारागीर बांधवांनाही मोजावी लागते.

आमच्या ओळखीच्या एका टूरिस्ट गाडीवाल्याची गोष्ट घ्या. दुकानदाराच्या सांगण्यावरून त्याने ऐपत नसताना नवा अॅम्प घेतला. आठ दिवसांत तोही बंद. शेवटी एका जुन्या मिस्त्रींनी सीट उचलून अर्थचा बोल्ट उघडला. बोल्ट रंगावरच कसलेला, खाली गंज. जागा खरवडून पत्रा उघडा केला, बोल्ट पुन्हा कसला आणि नवा अॅम्प वाजू लागला. जुना लावून पाहिला, तर तोही वाजला! दोष अॅम्पमध्ये नव्हताच.

तपासणीचा क्रम अवघड नाही. अॅम्पला दिवाच लागत नसेल तर आधी बॅटरीजवळचा आणि अॅम्पवरचा असे दोन्ही फ्यूज पाहावेत. मग अॅम्पच्याच टर्मिनलवर मीटर लावावा. इंजिन चालू असताना साधारण 13.8 ते 14.4 व्होल्ट यायला हवेत. रिमोट वायरवर 12 व्होल्टच्या आसपास आहेत का, तेही पाहावे. गाणे जोरात वाजत असताना अॅम्पचा अर्थ आणि बॅटरीचा निगेटिव्ह यांच्यामध्ये अर्धा व्होल्ट जरी दिसला, तरी अर्थ सुधारावा.

प्रोटेक्टचा दिवा लागत असेल तर स्पीकरच्या वायरी सोडवाव्यात. दिवा गेला तर दोष स्पीकरमध्ये किंवा दरवाज्यात दबलेल्या वायरमध्ये आहे. 4 ओमचे दोन स्पीकर समांतर जोडले की 2 ओम होतात. तेवढा भार अॅम्पला झेपतो का, हे त्याच्या कागदावर पाहावे. सगळे सोडवूनही दिवा राहिला किंवा फ्यूज लावताक्षणी उडाला, तरच अॅम्प उघडावा. मॉस्फेट जळाला असेल तर त्या रांगेतले सगळे बदलावेत आणि पहिल्यांदा चालू करताना लहान फ्यूज लावावा. इंजिनच्या वेगाबरोबर वाढणारी शिट्टी ऐकू आली तर फिल्टर विकण्याआधी अर्थ तपासावा आणि सिग्नलची वायर पॉवरच्या वायरपासून दूर न्यावी.

आता वायरीबद्दल. 400 वॉटचा एबी क्लास अॅम्प पूर्ण जोरात निम्मी शक्ती उष्णतेत घालवतो. म्हणजे तो बॅटरीकडून 800 वॉट, सुमारे 58 अँपियर ओढतो. हा भार बारीक वायरीवर टाकणे हा गुन्हाच समजावा. तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची वायर स्वस्त मिळते, पण त्याच जाडीच्या तांब्याच्या वायरीपेक्षा कमी करंट वाहून नेते. ती तांब्याची म्हणून विकणे ही सरळ फसवणूक आहे. मुख्य फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत असावा. तो अॅम्पसाठी नसून वायरीसाठी असतो. उडालेल्या फ्यूजच्या जागी तार गुंडाळणारा हात गाडीला आग लावू शकतो, हे विसरू नये.

गिऱ्हाईकालाही दोन गोष्टी सांगून पाठवाव्यात. अॅम्पवर सतरंजी किंवा सामान ठेवू नये, त्याला हवा लागू द्यावी. आणि गेन म्हणजे आवाजाचे बटण नव्हे. तो पूर्ण फिरवला की आवाज फाटतो, अॅम्प तापतो आणि स्पीकर जळतात.

काही बांधव म्हणतील, 'एवढा वेळ द्यायचा कोणी? तपासणीचे पैसे गिऱ्हाईक देत नाही.' तक्रार खरी आहे. पण गिऱ्हाईक पैसे देत नाही, कारण आपण ते मागतच नाही. ते नव्या मालाच्या नफ्यात लपवतो. आमची सूचना अशी : दुकानात तपासणीचा दर लिहून लावावा, मीटरचे आकडे बिलावर टाकावेत, बदललेला भाग परत द्यावा. दोष फक्त बोल्टाचा निघाला, तरी दर हक्काने घ्यावा. ती मजुरी बोल्ट कसण्याची नाही, कोणता बोल्ट कसायचा हे जाणण्याची आहे.

नवा अॅम्प कोणताही दुकानदार विकू शकतो, आणि आपल्यापेक्षा स्वस्तही विकू शकतो. दोष शोधण्याची विद्या मात्र विकत मिळत नाही. न तपासता माल बाद ठरवण्याची सवय अशीच चालू राहिली, तर दुरुस्तीचे टेबल आपल्याच हाताने बंद होईल. मग दुकानात शिकायला बसलेल्या पोरांना आपण काय शिकवणार, खोके उघडायला?