म्हातारपणाची सोबत

वृद्धाश्रम हा शब्द काढला की आपल्या वस्तीत लोक नाक मुरडतात. ‘पोरांनी टाकले’ एवढाच त्याचा अर्थ घेतला जातो. चिंचणीसारख्या गावात तर विचारूच नका. थोरला तारापूरच्या कारखान्यात पाळीवर, धाकटा डायमेकिंगच्या कामावर, सून पहाटेच उठून बोईसरहून गाडी धरणार. म्हातारी दिवसभर दारात बसून. तिला कोणी टाकलेले नाही हे खरे. पण दुपारची गोळी घेतली का, हे विचारायलाही घरात कोणी नाही. मग टाकणे म्हणजे आणखी काय असते?

या बाबतीत ज्यू समाजाने काय काय केले ते पाहण्यासारखे आहे. ज्यू म्हणजे कोणी परके नव्हेत. आपल्या कोकणातले बेने इस्रायल तेलाचा घाणा चालवीत आणि शनिवारी तो बंद ठेवीत, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणे. आडनावे पाहा: दिवेकर, केहीमकर, पेणकर. ते मराठी बोलले, मराठीतून कीर्तने केली, मलिद्याचे ताट मांडले. 1948 नंतर त्यांतले बहुतेक इस्रायलला गेले. तेथे 1962 च्या सुमारास धर्मपीठाने लग्नाच्या वेळी त्यांचे वंश तपासण्याचा फतवा काढला. हे लोक रस्त्यावर उतरले, लढले, आणि ऑगस्ट 1964 मध्ये तेथील संसदेला सांगावे लागले की, बेने इस्रायल इतर ज्यूंसारखेच पूर्ण ज्यू आहेत. तू कोणाच्या पोटचा, हे विचारण्याची खोड सगळीकडे सारखीच!

तरणी माणसे गेली आणि मुंबई-ठाण्यात म्हातारे मागे राहिले. 1951 च्या जनगणनेत देशात 26 हजारांवर ज्यू होते. आता उरलेत काही हजार. पण परदेशातल्या ज्यूंच्या ‘जॉइंट’ नावाच्या मदतसंस्थेने या म्हाताऱ्यांच्या औषधपाण्याची आणि शिध्याची जबाबदारी उचलली. ही संस्था 1914 सालची आहे. समाज लहान असो की मोठा, वृद्धांची काळजी ही फक्त मुलाची नव्हे, सगळ्यांची, असा हा हिशेब.

लंडनला नाइटिंगेल हाउस म्हणून ज्यूंचा वृद्धाश्रम आहे, 1840 पासूनचा. शुक्रवारी सायंकाळी शब्बाथ, कोशेर स्वयंपाक, सणवार, सगळे तेथे होते. 2017 मध्ये त्यांनी आवारातच बालवाडी काढली. दोन-तीन वर्षांची मुले म्हाताऱ्यांच्या जवळ बसतात, एकत्र गाणी म्हणतात, चित्रे रंगवतात. आजीला नातू हवा असतो, मग तो कोणाच्याही घरचा चालतो. आमच्याकडे अंगणवाडी एका टोकाला आणि म्हातारी माणसे दुसऱ्या टोकाला. मध्ये पन्नास पावले. ती कोणी चालत नाही.

न्यूयॉर्कच्या रिव्हरडेल भागातील हिब्रू होमची गोष्ट आणखी वेगळी. म्हातारपणी ज्यांची स्मृती जाते ती माणसे रात्रभर जागतात, दार उघडून बाहेर पडतात. घरच्यांना झोप नाही, सकाळी कामावर जायचे असते. या संस्थेने अशा वृद्धांसाठी रात्रीची शाळाच काढली म्हणा ना! सायंकाळी गाडीने न्यायचे, रात्रभर गाणी, खेळ, खाणेपिणे, आणि सकाळी घरी आणून सोडायचे. म्हातारा घरचाच राहिला आणि सुनेलाही झोप मिळाली. सुनेला नावे ठेवणाऱ्यांनी ही सोय नीट समजून घ्यावी. पुढे 2005 मध्ये त्याच संस्थेने, घरच्यांकडून मार खाणाऱ्या किंवा लुबाडल्या जाणाऱ्या वृद्धांसाठी आसरा उघडला. अमेरिकेत असा तो पहिलाच.

कोणी म्हणेल, त्यांच्याकडे पैसा आहे. आहेच. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची शुश्रूषा फुकट होत नाही. पण दिवसभराच्या सोबतीला किती पैसा लागतो? आपली समाजमंदिरे जयंती आणि लग्नकार्य सोडले तर कुलूप लावून असतात. ती सकाळी दहा ते चार उघडावीत. एक पंखा, पिण्याचे पाणी, चहा, रक्तदाब मोजायला आठवड्यातून एकदा नर्सबाई. वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवणारे एखादे शाळकरी पोर. शेजारची वारली म्हातारी, मांगेला आजोबा येऊन बसले तर त्यांनाही चहा द्यावा.

हे या किनाऱ्याला नवे नाही. 1955 मध्ये चिंचणीतच जुने ताम्रपट सापडले. त्यांतला एक शके 848 चा, म्हणजे इ. स. 926 चा आहे. तेव्हा राष्ट्रकूट राजाने संजाणच्या मुलखावर एक अरब अधिकारी नेमला होता. त्याच्या कारभारात नदी ओलांडायला फुकट नाव होती आणि भात, कालवण, तूप वाढणारे अन्नछत्र होते. हिंदूंच्या मठिकेला जमीन देण्यासही त्याने हात आखडला नाही.

घरचे विचारीत नसतील त्यांनी गप्प बसू नये. 2007 च्या कायद्याने आईबापांना मुलांकडून निर्वाहखर्च मागता येतो. अर्ज प्रांतसाहेबांच्या न्यायाधिकरणाकडे करावा. मूलबाळ नसेल तर जो नातेवाईक मिळकतीचा वारस होणार, त्याच्याकडेही मागणी करता येते. आणि घर किंवा जागा मुलाच्या नावे करणाऱ्या आईबापांनी एवढे जरूर करावे, बक्षीसपत्रात ‘आमचा सांभाळ करीन’ ही अट स्पष्ट लिहून घ्यावी. तोंडी शब्दावर अंगठा उठवू नये. लेखी अट असेल आणि मुलाने ती मोडली, तर ते बक्षीसपत्र रद्द करून घेता येते.